‘पिशवी’, ‘पट्टी’ आणि ‘असंयम’ : स्त्रियांच्या लघवी सुटण्यावरील स्लिंग शस्त्रक्रियेचे शरीरशास्त्र व मराठी परिभाषेची चिकित्सा

बीजशब्द : श्रोणितल, मूत्रमार्ग, स्लिंग, गर्भाशय, वैद्यकीय परिभाषा, संमती

प्रस्तावना :

भाषेचा अभ्यासक शरीरशास्त्राच्या वाटेला सहसा जात नाही. शरीरशास्त्राचा अभ्यासकही भाषेकडे केवळ लेबल लावण्याचे साधन म्हणून पाहतो. या दोन शास्त्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत मात्र एक मोठा स्त्रीसमूह उभा आहे. खोकताना, शिंकताना, पाण्याची घागर उचलताना किंवा वाकून खुरपताना ज्यांची लघवी सुटते, अशा या स्त्रिया होत. हा विकार जीवघेणा नाही, म्हणून त्याची गणना आजारात होत नाही. आणि लाजेचा आहे, म्हणून तो बोलला जात नाही. बोलला गेलाच, तर कोणत्या शब्दांत बोलावा याविषयी मराठीत कमालीचा गोंधळ आहे. या गोंधळाची किंमत स्त्रीचे शरीर मोजते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी या विकारावर केल्या जाणाऱ्या स्लिंग म्हणजे पट्टीच्या शस्त्रक्रियेचे शरीरशास्त्र आणि ते सांगण्यासाठी मराठीत वापरले जाणारे शब्द यांची एकत्रित चिकित्सा येथे केली आहे.

हा विषय वैरागसारख्या गावातून मांडण्याला कारण आहे. बार्शी तालुक्याला धाराशिव जिल्हा लागून आहे आणि त्यापलीकडे बीड. स्त्रियांच्या ओटीपोटाविषयी गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात जी चर्चा झाली, तिचे दोन महत्त्वाचे प्रसंग याच पट्ट्यात घडले आहेत. बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू आहे. तेथील नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. ५२ समूहांतील ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणीही कर्करोगाचे मृत्यू कमी करते, हे त्यातून पुढे आले. (तुलनेसाठी निवडलेल्या गटाची तपासणी न करण्याविषयी पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले. तो स्वतंत्र विषय आहे.) दुसरा प्रसंग बीडचा. त्याकडे पुढे वळू.

‘असंयम’ आणि ‘ताण’ :

प्रथम विकाराच्या नावाचा विचार करू. मराठी ग्रांथिक परिभाषेत ‘मूत्र-असंयम’ हा शब्द रूढ झाला आहे. कोशकाराच्या दृष्टीने तो निर्दोष असेल. परंतु ‘संयम’ या शब्दाला मराठीत जो नैतिक वास आहे तो पुसून टाकता येत नाही. संयम हा माणसाने ठेवायचा असतो आणि तो न ठेवणे हा त्या माणसाचा दोष ठरतो. ज्या स्त्रीच्या श्रोणितलाचे स्नायू तिसऱ्या बाळंतपणात जघनास्थीपासून सुटले, तिने कोणता संयम पाळला नाही? याउलट बोलीतील ‘लघवी सुटते’, ‘लघवी राहत नाही’ या प्रयोगांत क्रियापद अकर्मक आहे. सुटणारी गोष्ट आपोआप सुटते, सोडणारी व्यक्ती त्या वाक्यात नाही. गावातील स्त्रीचे व्याकरण येथे पंडिताच्या कोशापेक्षा शरीरशास्त्राच्या अधिक जवळ आहे.

प्रकारांची नावे याहून फसवी आहेत. या विकाराचे मुख्य दोन प्रकार सांगितले जातात. पोटातील दाब वाढला की लघवी सुटणे हा पहिला, आणि अनावर घाई होऊन मोरीपर्यंत पोहोचण्याआधी सुटणे हा दुसरा. अनेकींत दोन्ही एकत्र असतात. पहिल्या प्रकाराला ‘ताणजन्य असंयम’ असे भाषांतरित केले जाते. आजच्या मराठीत ‘ताण’ म्हटले की मनावरचा ताण हाच अर्थ आधी येतो. परिणामी ‘टेन्शन घेऊ नका, कमी होईल’ असा सल्ला देणारे शेजारी आणि कधी कधी आरोग्य कर्मचारीही आढळतात. येथे ताण मनाचा नसून पोटातील दाबाचा आहे. ‘दाबाने लघवी सुटणे’ असे सरळ म्हटले तर अर्धा गैरसमज दूर होईल. ही केवळ शब्दांची निवड नव्हे. पट्टीची शस्त्रक्रिया प्रामुख्याने पहिल्या प्रकारासाठी आहे. केवळ घाईच्या प्रकारात तिचा उपयोग नसतो, उलट घाई वाढण्याचा धोका असतो. तेव्हा नावातली चूक थेट शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जाऊ शकते.

झोळीचे शरीरशास्त्र :

श्रोणी म्हणजे कंबरेच्या हाडांनी बनलेले बुडाशी उघडे असे भांडे. त्याचा तळ हाडाचा नाही, स्नायू आणि तंतुमय पडद्यांचा आहे. पुढून मागे पाहत गेल्यास या तळातून तीन वाटा बाहेर पडतात : मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदमार्ग. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असून तो योनीच्या पुढील भिंतीतच जणू रुतलेला असतो. त्याला स्वतःचे असे हाडाचे कोणतेही टेकण नाही. योनीची पुढील भिंत हेच त्याचे अंथरूण होय. ही भिंत दोन्ही बाजूंना एका पांढऱ्या तंतुमय दोरीला जोडलेली असते. ही दोरी पुढे जघनास्थीपासून मागे आसनास्थीच्या टोकापर्यंत, दोन्ही बाजूंनी ताणलेली असते. तिच्या लगत गुदोन्नायक नावाचा रुंद स्नायू असतो, आणि तो सतत किंचित आकुंचित राहून मधली फट मिटवून धरतो.

अमेरिकन शल्यविशारद जॉन डीलान्सी यांनी १९९४ मध्ये या रचनेला इंग्रजीत झुलत्या बिछान्याची उपमा दिली. मराठी वाचकाला त्यासाठी परदेशी बागेत जाण्याची गरज नाही. शेतात कामाला आलेली बाई बाभळीच्या दोन फांद्यांना लुगडे बांधून मूल निजवते, ती झोळी हीच ही रचना. झोळीचे कापड नवे असूनही गाठ सुटली तर मूल खाली येते, आणि गाठ पक्की असूनही कापड विरलेले असेल तरीही तेच होते. श्रोणितलाच्या दुखापतीचे हे दोन प्रकार शस्त्रक्रियेच्या दृष्टीने भिन्न आहेत आणि या उपमेतून ते आपोआप कळतात. दाबाचे गणितही डीलान्सी यांनी पाण्याच्या नळीच्या दाखल्याने समजावले आहे. टणक जमिनीवर ठेवलेल्या नळीवर पाय दिला तर पाणी थांबते. नांगरलेल्या भुसभुशीत रानात तीच नळी पायाखाली मातीत दबते आणि पाणी वाहतच राहते. खोकल्याचा दाब मूत्राशयावर आणि मूत्रमार्गावर एकाच वेळी येतो. खाली टणक आधार असेल तर मूत्रमार्ग त्या आधारावर चेपला जाऊन मिटतो. आधार भुसभुशीत झाला असेल तर मिटत नाही.

येथे ‘स्लिंग’ या शब्दाचा प्रश्न येतो. इंग्रजी-मराठी कोशांत त्याचा पहिला प्रतिशब्द ‘गोफण’ असतो. ज्वारीच्या माळ्यावर उभे राहून पाखरे हाकणाऱ्या आमच्या भागात गोफण कोणालाही शिकवावी लागत नाही. पण गोफणीचे काम भिरकावण्याचे आहे आणि या शस्त्रक्रियेतील पट्टीचे काम झेलण्याचे. दोन टोके आणि मध्ये पसरट भाग एवढेच साम्य. ‘झोळी’ हा शब्द आकाराने व कार्याने, दोन्ही अर्थांनी योग्य ठरतो. तरी रुग्णालयात तो वापरलेला आढळत नाही. तेथे ‘पट्टी’ किंवा हर्नियावरून उचललेला ‘जाळी’ हा शब्द चालतो.

पट्टी जाते कोठून :

मूत्रमार्गाखाली स्वतःच्याच शरीरातील तंतुपट्टी घालण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. अल्ड्रिज यांनी १९४२ मध्ये पोटाच्या पुढील स्नायूंवरील आवरणाच्या पट्ट्या यासाठी वापरल्या आणि ही पद्धत पुढे बरीच रुजली. त्या काळच्या पट्ट्या मूत्राशयाच्या मानेखाली बसत आणि ती मान वर उचलून धरत. १९९० च्या दशकात स्वीडनचे उल्मस्टेन आणि ऑस्ट्रेलियातील पेट्रोस यांनी हा विचारच बदलला. आधार मूत्राशयाच्या मानेला नव्हे तर मूत्रमार्गाच्या मध्याला हवा, आणि तो ताणून नव्हे तर सैल ठेवून, असे त्यांचे म्हणणे होते. साधारण एक सेंटिमीटर रुंदीची, मोठ्या छिद्रांची पॉलिप्रॉपिलीनची पट्टी मूत्रमार्गाच्या मध्याखाली ठेवायची आणि तिची दोन टोके जघनास्थीच्या मागून वर काढायची. विश्रांतीच्या वेळी ही पट्टी मूत्रमार्गाला दाबत नाही. दाब आला की मूत्रमार्ग तिच्यावर चेपला जातो.

‘सैल’ हा या शस्त्रक्रियेचा कळीचा शब्द आहे आणि नेमका तोच मराठीत हरवला आहे. ‘लघवीची वाट आवळून घेतली’ अशी भाषा सर्रास ऐकू येते. आवळणे हे या शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट नसून अपघात आहे. पट्टी आवळली गेली तर लघवी तुंबते, जोर करावा लागतो, कधी पट्टी कापावी लागते. ‘आवळून घ्या’ असे सांगणाऱ्या नातेवाइकाला शल्यविशारदाने थांबवून दुरुस्त केले पाहिजे. अन्यथा सुयोग्य शस्त्रक्रिया झाली तरी घरच्यांना ती सैल आणि म्हणून फसलेली वाटेल.

जघनास्थीच्या मागील जागा अरुंद व आंधळी आहे. सुई तेथून वर जाताना पुढे हाड, मागे मूत्राशय आणि थोड्याच अंतरावर बाहेरच्या बाजूला मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात. सुई हाडाला चिकटून न जाता मागे सरकली तर मूत्राशयाला छिद्र पडते, आणि बाहेर वळली तर रक्तवाहिनी दुखावते. म्हणून आधी नळी घालून मूत्राशय रिकामे करतात आणि सुई गेल्यावर दुर्बिणीने आत पाहतात. ही दुर्बीण जेथे उपलब्ध नाही तेथे ही शस्त्रक्रिया करू नये, असे शरीरशास्त्रच सांगते.

या धोक्यांवर उपाय म्हणून फ्रान्सचे डेलॉर्म यांनी २००१ मध्ये दुसरी वाट दाखवली. श्रोणीच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक मोठे छिद्र असते. संस्कृतप्रचुर परिभाषेत त्याला ‘गवाक्ष’ म्हणतात. परिभाषेतील इतका सुंदर शब्द क्वचितच सापडेल. मात्र हे गवाक्ष उघडे नसते, पडद्याने व स्नायूंनी झाकलेले असते. त्याच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून नस व रक्तवाहिन्या जातात, म्हणून पट्टी आतल्या खालच्या कडेने काढायची असते. पोटातील मोठ्या रक्तवाहिन्या यात टळतात आणि मूत्राशयाला छिद्र पडण्याचा संभवही कमी होतो. त्याची भरपाई मांडीकडून होते. मांड्या जवळ आणणाऱ्या स्नायूंतून पट्टी जात असल्याने जांघेतील दुखणे या पद्धतीत अधिक आढळते. शहरातील खुर्चीवरच्या स्त्रीला ते काही आठवड्यांचे दुखणे वाटेल. दिवसभर उकिडवे बसून खुरपणाऱ्या किंवा डोक्यावर मोळी घेऊन चढणाऱ्या स्त्रीसाठी जांघ हे कामाचे अवयव आहे. कोणती वाट निवडायची याचा विचार करताना रुग्णाचा व्यवसाय विचारात घ्यावा, ही अपेक्षा वैद्यकाच्या कक्षेबाहेरची ठरू नये.

सदर पट्टीच्या संदर्भात एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. खाली उतरलेल्या अंगासाठी योनिमार्गातून मोठी जाळी बसवण्याची पद्धत या पट्टीच्या यशावर स्वार होऊन पसरली आणि तिने अनेक देशांत स्त्रियांचे अपरिमित नुकसान केले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये कडक इशारा दिला आणि एप्रिल २०१९ मध्ये योनीच्या पुढील भिंतीसाठीच्या अशा जाळ्यांची विक्री थांबवण्यास सांगितले. मूत्रमार्गाखालील पट्टी या आदेशात नव्हती. ब्रिटनमध्ये मात्र जुलै २०१८ मध्ये तिच्याही वापराला स्थगिती मिळाली, आणि २०२० च्या कंबरलेज अहवालाने रुग्ण स्त्रियांच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकूनच घेतल्या गेल्या नाहीत यावर नेमके बोट ठेवले. ‘पट्टी’ आणि ‘जाळी’ या शब्दांतील भेद येथे जीवनमरणाचा नसला तरी सुखदुःखाचा निश्चित आहे. मराठीत दोन्हींना ‘जाळी’ म्हणून मोकळे होणे परवडणारे नाही.

दोन पिशव्या :

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. मराठी बोलीत गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. मूत्राशयालाही ‘लघवीची पिशवी’ म्हणतात. पहिला शब्द इतका प्रबळ आहे की विशेषण गळून ‘पिशवी’ एवढेच उरले, तर ऐकणारा गर्भाशयच समजतो. पिशवी या शब्दाची आणखी एक खोड अशी की ती भरण्यासाठी असते, आणि भरून झाली की टाकून देता येते. ‘मुलं झाली, आता पिशवीचं काय काम?’ हे वाक्य या रूपकातूनच जन्मते. लघवी सुटण्याची तक्रार घेऊन गेलेल्या स्त्रीचे ‘पिशवीचा त्रास आहे’ हे निवेदन आणि ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला यांच्यामध्ये भाषेने तयार केलेला एक उतार आहे.

बीडमधील ऊसतोड मजूर स्त्रियांचा प्रश्न सर्वश्रुत आहे. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या चौकशीच्या निमित्ताने २०१९ मध्ये जी आकडेवारी पुढे आली, तीनुसार पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. यामागची कारणे उचल, खाडे, पाळीचा त्रास, कर्करोगाची भीती आणि खाजगी रुग्णालयांचा नफा अशी गुंतागुंतीची आहेत. केवळ भाषेवर हे खापर फोडणे हास्यास्पद ठरेल. तथापि शरीरशास्त्र स्पष्ट आहे. गर्भाशय काढल्याने मूत्रमार्गाखालचे अंथरूण टणक होत नाही. उलट गर्भाशयाला मागे त्रिकास्थीकडे धरून ठेवणारे बंध कापले जातात, आणि योनीच्या वरच्या टोकाचा आधार त्यांच्यावरच अवलंबून असतो. स्वीडनमधील राष्ट्रव्यापी नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांत पुढे लघवी सुटण्यावरील शस्त्रक्रियेची गरज दुपटीहून अधिक आढळल्याचे त्यात नोंदवले आहे. म्हणजे एका पिशवीसाठी केलेला उपाय दुसऱ्या पिशवीचा आजार ठरू शकतो.

राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला होता. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. या अभ्यासाची कीर्ती आकड्यांसाठी झाली. भाषाभ्यासकाला त्यात दिसते ते असे की, विचारणारे कोणी तरी आले तेव्हा स्त्रियांनी सांगितले.

मराठी साहित्यानेही या बाबतीत फारसे विचारलेले नाही. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये कोवळ्या वयातील बाळंतपणाचे, उपाशी बाळंतिणीचे जे चित्रण आहे त्याला मराठीत तोड नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’मधून जननेंद्रियांविषयी लिहिण्यासाठी खटले सोसले. परंतु एकूण मराठी साहित्यात बाळंतपण हा प्रसंग असतो. त्यानंतरची तीस वर्षे, त्या फाटलेल्या झोळीसह काढलेली, क्वचितच कथेचा विषय होतात. आत्मचरित्रांची परंपरा एवढी समृद्ध असूनही ओल्या लुगड्याची गोष्ट तिच्यात जवळजवळ नाही. आपल्या समीक्षेने या मौनाची दखल घेतलेली नाही, हे आपणा अध्यापकांचे अपुरेपण होय.

शिरोडकर, पुरंदरे आणि झाकलेला विकार :

स्लिंग ही कल्पना मात्र मराठी मुलखाला नवी नाही. गोव्यातील शिरोडा येथे १८९९ मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात घडलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गर्भाशयमुखाच्या टाक्यासाठी जगभर ओळखले जातात. त्यांनी तो १९५५ मध्ये मांडला. त्यांचे दुसरे काम सामान्य वाचकाला कमी परिचित आहे. अंग बाहेर येणाऱ्या तरुण स्त्रीचे गर्भाशय न काढता ते पट्टीने त्रिकास्थीच्या पुढील उंचवट्याला मागे बांधण्याची शस्त्रक्रिया त्यांनी विकसित केली. मुंबईचेच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी गर्भाशयमुख पुढे पोटाच्या भिंतीतील आवरणाला टांगले. शिरोडकरांची दिशा नैसर्गिक बंधांच्या दिशेशी जुळते, पण डाव्या बाजूला आतड्याचा वळसा आडवा येत असल्याने ती अवघड आहे. पुरंदरे यांची पद्धत सोपी, पोटाचे स्नायू आकसले की आधार आपोआप ताणला जाणारी; पण पोटाची भिंतच ढिली असेल तर आधारही ढिला. पुढे अजित विरकुड यांनी उजवीकडे शिरोडकर आणि डावीकडे पुरंदरे अशी सांगड घातली. मूल हवे असलेल्या स्त्रीचे गर्भाशय वाचवणे ही या सर्वांमागची प्रेरणा. ज्या समाजात मूल न होणारी बाई टाकली जाते, त्या समाजातून हे शरीरशास्त्र उगवले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. गर्भाशय वाचवण्याचे हे तंत्र येथेच घडले आणि येथेच हजारोंनी गर्भाशये काढली गेली, हा विरोधाभास इतिहासकारांनी अभ्यासावा.

तथापि या दोन स्लिंगांची गल्लत करता कामा नये. शिरोडकर-पुरंदरे यांची पट्टी गर्भाशयाला धरते, मूत्रमार्गाला नाही. वरचे छत वासे देऊन सावरले म्हणून खालची फरशी पक्की होत नाही. किंबहुना येथे एक फसवी अवस्था असते. अंग फार खाली आलेले असेल तर मूत्राशय त्याच्यासोबत ओढले जाऊन मूत्रमार्गाला पीळ पडतो, आणि आधार नसतानाही लघवी अडून राहते. अशी स्त्री लघवी सुटण्याची तक्रार करीत नाही. शस्त्रक्रियेने अंग वर गेले की पीळ सुटतो आणि ती घरी गेल्यावर पहिल्याच खोकल्याला ओली होते. ‘आधी हे नव्हतं, ऑपरेशननं झालं’ असे ती म्हणते. तिचे म्हणणे तिच्या अनुभवापुरते खरे आहे आणि शल्यविशारदाचे ‘विकार आधीच होता’ हे उत्तरही खरे आहे. ज्या प्रश्नाने हा वाद टळला असता तो शस्त्रक्रियेपूर्वी विचारायचा असतो.

त्याही आधी श्रोणितलाचा व्यायाम आहे. केगेल यांनी तो १९४८ मध्ये मांडला आणि दाबाने लघवी सुटण्यावर आजही तोच पहिला उपाय मानला जातो. त्याला खर्च नाही, म्हणून त्याची जाहिरातही नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण हिमोग्लोबिन तपासतो, त्याच शिबिरात गावातील स्त्रियांना हा व्यायाम शिकवण्यास परिचारिकेची अर्धा तासाची सोबत पुरते. मात्र तो शिकवताना ‘लघवी करताना मध्येच अडवा’ असे सांगून थांबू नये. स्नायू कोणता ते ओळखण्यापुरतेच ते एकदा करून पाहायचे असते, सवय म्हणून नव्हे. केगेलच्या पुढे जाऊन पट्टीची वेळ आलीच, तर संमतीपत्रावर अंगठा घेण्यापूर्वी तीन गोष्टी मराठीत बोलल्या गेल्या पाहिजेत. कोणती पिशवी, ते नाव घेऊन. पट्टी हाडामागून जाणार की जांघेतून, ते हाताने दाखवून. आणि अंग बाहेर येत असेल तर ते तपासणीच्या वेळी आत सरकवून, मूत्राशय भरलेले असताना : ‘बाई, आता खोका. सुटते का?’